मुठीचा शनिवार

आईला जाऊन वर्ष झालं त्या उपासनेची कार्डं मी छापून आणली आणि गुरुवारी संध्याकाळी कामावरून येताना घरोघर वाटूनही टाकली. ऐंशी कार्डं. जाड पांढरा कागद, वर क्रूस, खाली दोन लिलीची फुलं. छापखान्यातल्या माणसानं आधी प्रूफ दाखवलं होतं. मी फुलं सरळ आली आहेत ना तेवढं पाहिलं आणि ओके म्हणालो. शुक्रवारी सकाळी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. ते फार सौम्य गृहस्थ आहेत.

"सलाम. कार्ड मिळालं. सुंदर झालंय."

"थँक्यू, साहेब."

"फक्त पहिल्या ओळीतला एक स तेवढा बघाल का?"

मी कार्ड काढून पाहिलं. मी लिहून दिलं होतं, 'आमच्या प्रिय आईच्या स्मरणार्थ उपकारस्तुतीची उपासना'. छापून आलं होतं, 'आमच्या प्रिय आईच्या मरणार्थ उपकारस्तुतीची उपासना'. अर्धा स गेला होता आणि जाताना माझी उरलीसुरली अब्रू घेऊन गेला होता. आमच्या ख्रिस्ती मराठीची ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो, उपकारस्तुती म्हणजे देवाचे जाहीर आभार. म्हणजे आई गेली याबद्दल तिचा एकुलता एक मुलगा येत्या रविवारी सहकुटुंब देवाचे आभार मानणार होता, आणि त्याचं ऐंशी घरांना आग्रहाचं निमंत्रण होतं, उपासनेनंतर चहा-नाश्त्यासह.

बायको शाळेत मराठी शिकवते. तिनं कार्ड एकदा वाचलं, मग उलटं करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"प्रूफ मला का नाही दाखवलंत?"

"तू पेपर तपासत होतीस."

"मग हाही तपासला असता."

मी म्हणालो, व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्ती टाकतो. ती म्हणाली, "टाका. पण असली कार्डं कुणी फेकत नाही. बायबलमध्ये ठेवतात. तुमची चूक उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत जपून ठेवतील लोक."

उत्पत्ती ते प्रकटीकरण म्हणजे बायबलचं पहिलं पान ते शेवटचं, आणि हे खरं होतं. माझ्याच बायबलमध्ये अशी नऊ-दहा कार्डं आहेत. तेव्हा ठरलं, की शनिवारी मी काळं पेन घेऊन घरोघर जायचं आणि म च्या आधी हातानं अर्धा स काढायचा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. हजार प्रकारचे नटबोल्ट माझ्या नजरेतून सुटत नाहीत, अशी माझी तिथं ख्याती आहे. ती तिथंच राहावी एवढीच प्रार्थना.

त्या रविवारच्या उपासनेत आणखी एक गोष्ट होणार होती, आणि तिला मीच होकार देऊन बसलो होतो. आईची 'मूठ' बंद होणार होती.

मूठ ही आमच्या चर्चच्या मंडळीतली जुनी पद्धत. सकाळी भाकरीच्या तयारीला लागण्याआधी पोत्यातली मूठभर ज्वारी एका वेगळ्या डब्यात टाकायची. ती देवाची. दर शनिवारी आई खांद्याला गादीच्या कापडाची पिशवी अडकवून निघायची आणि वीस-बावीस घरांतली मूठ गोळा करायची. पुढं ती ज्वारी कुठं जायची, हे आम्हाला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "ज्याला लागते त्याला." लहानपणी एकदा मी हट्टानं आमच्या घरची मूठ स्वतः टाकली. तिनं डब्यात डोकावून पाहिलं. "एवढीशी मूठ? देवाला फसवतोस का?" असं म्हणून स्वतःची मूठ वर ओतली. आज माझा हात चांगला मोठा आहे. पण त्यानंतर मी त्या डब्याकडे फिरकलो नाही, हेही खरं.

आईबद्दल लिहायचं तर तिच्या प्रार्थनेपासून लिहावं लागेल, कारण आमच्या गल्लीला तिची ओळख तिथूनच. ती सोलापूरजवळच्या होटगीची. वडील रेल्वेत, शेजार सगळा कानडी, त्यामुळं मोजायची ती कायम कानडीत. पुढं विणकरांच्या वस्तीत बालवाडी चालवली तीस वर्षं, आणि तिथल्या पोरांकडून तेलुगू उचललं. प्रार्थना मात्र मराठीत, पहाटे, स्वयंपाकघरात, मोठ्यानं. देवाला काही मोघम सांगितलेलं तिला चालायचं नाही. "प्रभू, याला सहामाहीला गणितात एकोणीस पडलेत. पन्नासपैकी. तू बघ." भिंत पातळ होती. दूध घालायला येणारा माणूससुद्धा मला बघून म्हणायचा, "एकोणीस म्हणजे लई कमी की रं."

चर्चमध्ये ती सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढं गायची. पेटीवाले भाऊ बिचारे तिला गाठायला बघायचे. आपण घाई करतो असं तिला कधी वाटलंच नाही. ती म्हणायची, पेटी मागं पडते. कुणाच्या घरी बाळंतपण असो, कुणी वारलेलं असो, घर ख्रिस्ती असो की नसो, पहिला निरोप बाईंना. सगळे तिला बाईच म्हणायचे. मृत बाईला शेवटची अंघोळ घालायची, केस विंचरायचे, साडी नेसवायची, हे काम तिनं किती घरांत केलं असेल, देव जाणे. तिथून घरी आली की गप्प बसून पोटभर जेवायची.

गेल्या वर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात ती गेली. नंतर शनिवारी पिशवी घेऊन निघणारं कुणी उरलं नाही. तरुण बायका नोकरीवर जातात. मी? मला शनिवारी सुट्टी असते, आणि सुट्टीत मी दमतो. मंडळीचे सेक्रेटरीकाका एकदा घरी येऊन म्हणाले, "बाबा रे, बाईंचं बाईंबरोबर गेलं. लोक आता पिठाची पाकिटं आणतात. मूठ कोण टाकतंय? वर्षाच्या उपासनेत रीतसर बंद म्हणून जाहीर करू, आणि बाईंच्या नावानं चर्चला एक स्टीलचं कपाट घेऊ." मला हायसं वाटलं. कपाट दिसतं तरी. मी म्हणालो, चालेल.

तर शनिवारी सकाळी सातला मी स्कूटर काढली. पहिलं घर आईच्या मैत्रिणीचं. आम्ही तिला मावशी म्हणतो. तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. दाराशी उभा राहिलो.

"कोन?"

"मी, मावशी. बाईंचा मुलगा."

"आलास व्हय? लई उशीर केलास की."

"मावशी, ते परवा कार्ड दिलं होतं ना, त्यात जरा..."

"कार्ड ऱ्हाऊ दे. पिशवी कुटाय?"

"कसली पिशवी?"

"मूठ न्यायला आलास आन् पिशवी न्हाय? आईचं काईसुद्धा शिकला न्हाईस तू."

तिनं पलंगाखालून पायानं एक पत्र्याचा डबा पुढं ढकलला. मी झाकण उघडलं. डबा गळ्यापर्यंत ज्वारीनं भरला होता. टपोरी, पांढरी, स्वच्छ. वर्षभर तिनं रोज मूठ टाकली होती. न्यायला कुणी आलं नाही, तरी टाकली होती.

"किडली नाही कशी?" मी विचारलं.

"किडंल कशी? जुनी झाली की आमी खातो, तेवडीच नवी टाकतो. देवाचं शिळं ठिवायचं न्हाय."

तिनं जुनी उशी फोडली, अभ्रा मला दिला आणि त्यात ज्वारी ओतून घेतली. स दुरुस्त करायचा राहिलाच. मी परत आत गेलो, तिच्या बायबलमधून कार्ड मागून घेतलं आणि अर्धा स काढला. ती म्हणाली, "काय लिवलं?" मी म्हणालो, "काही नाही, सही केली."

मला वाटलं, मावशी म्हातारी, तिचं राहिलं असेल. दुसऱ्या घरी गेलो. तिथली सून नोकरीला जाते, पाकिटातलं पीठ वापरते. तिनं मला बघितलं आणि तशीच आत गेली. बाहेर आली ती प्लास्टिकची बरणी घेऊन. "ज्वारी नसते आमच्याकडं आता, म्हणून गहू टाकत गेले. चालतील ना, भाऊ? बाईंना विचारायचं राहून गेलं." तिसऱ्या घरी दोन डबे. चौथ्या घरचे काका म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्ही दुःखात आहात, म्हणून येत नाही." मी दुःखात होतोच. पण शनिवारी सकाळी मी दहापर्यंत झोपायचो, हेही तितकंच खरं.

आता माझ्या अंगात काहीतरी संचारलं. मी पेन विसरलो, कार्डं विसरलो. प्रत्येक दार उघडलं की आत डबा आहे का हेच मी बघायचो, आणि डबा असायचा. चार-पाच घरांत नव्हता. ते लोक ओशाळले, तर मीच त्यांच्याहून जास्त ओशाळलो. पण बाकीच्यांकडं होता. विणकरांच्या गल्लीत तर एक आजी, आमच्या मंडळीची नव्हे, ख्रिस्तीही नव्हे, हात धरून मला आत घेऊन गेली. तिचा नातू आईच्या बालवाडीत होता. तेलुगूत ती बरंच काही बोलली. मला त्यातलं 'अम्मा' तेवढं कळलं. देवघराच्या शेजारी पितळी डब्यात मूठ ठेवलेली होती.

मागच्या वजनानं स्कूटरचं पुढचं चाक उचललं जायला लागलं तेव्हा मी बायकोला फोन केला.

"अगं, घरातली रिकामी पोती काढून ठेव."

"किती?"

"जेवढी असतील तेवढी."

"तुम्ही स दुरुस्त करायला गेला होतात ना?"

"मूठ मिळतेय. सगळ्यांनी टाकलीये. वर्षभर."

पलीकडं पोती झटकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "रिक्षा करून आणा. स्कूटरवरून पडलात तर उद्या दोघांच्या नावानं करावं लागेल."

घरून पोती आणली आणि दुपारी बारापर्यंत रिक्षा भरली. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, आडतीचं काम करता काय?" आणि तिथं, भर उन्हात, पोत्यांवर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की एवढी ज्वारी गोळा केली खरी, पण ती द्यायची कुणाला हे या जगात फक्त आईला माहीत होतं. आणि उद्या सकाळी साडेनऊला सेक्रेटरीकाका मूठ बंद करणार होते. माझ्या परवानगीनं.

आई शनिवारी घरी परत यायची तेव्हा पिशवी रिकामी असायची आणि पदरावर पीठ असायचं. हे मला त्या क्षणी आठवलं. इतकी वर्षं ते पीठ मी पाहत होतो. रिक्षावाल्याला म्हणालो, "गिरणीला घे."

आमच्या जुन्या घराजवळ एका चाचांची पिठाची गिरणी आहे. मी पोती उतरवली. चाचांनी पट्टा चालूच ठेवून विचारलं, "किसका दळण?"

"मुठीचं."

त्यांनी गिरणी बंद केली. "बाईअम्मा की?" असं म्हणून त्यांनी हात पुसले आणि मला आत नेलं. मागच्या फळीवर चार रिकामे डबे ओळीनं उलटे ठेवलेले होते.

"सात थे. तीन लोगां ले के गये, बोले अब कायकू रखना. चार अबी हैं. मैं बोला, रैने दो, शायद कोई आयेगा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ज्याच्या घरी नड आहे, त्यानं आपला डबा गिरणीत आणून ठेवायचा, जसा कुणीही ठेवतं. आई मुठीची ज्वारी त्यात ओतायची, चाचा दळायचे, आणि संध्याकाळी तो माणूस इतरांसारखाच आपला डबा घेऊन जायचा. बघणाऱ्याला वाटावं, दळण न्यायला आलाय. त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं, कुणाकडून पिशवी घ्यावी लागत नव्हती. गिरणीतून आपलं पीठ न्यायचं, बस्स. दळणाचं चाचा काही घेत नसत.

"कुणाचे आहेत हे डबे?"

"वो मैं नै बोलता."

"चाचा, मी तिचा मुलगा आहे."

"मालूम है. बाईअम्मा खास बोली थी, बेटे को तो बिलकुल नक्को बोलो."

"का?"

"बोली, दिल का अच्छा है, मगर उसके पेट में बात नै टिकती."

आईनं माझं हे वर्णन पहाटे देवालाही सांगितलं असणार, यात मला शंका नाही. मी चाचांना शब्द दिला की नावं कधी विचारणार नाही आणि डब्यांची गोष्ट मंडळीत सांगणार नाही. आज लिहितोय ते त्यांना विचारून. गिरणी कुठली ते सांगत नाही, सोलापुरात गिरण्यांना तोटा नाही. शिवाय आम्ही पद्धत आता थोडी बदलली आहे. कशी, तेही सांगत नाही.

चाचांनी फळीवरून पहिला डबा काढला, फुंकर मारून आतली धूळ उडवली आणि म्हणाले, "आज शाम को ये चारों भरे जायेंगे. मैं उनको निरोप भेजता." तो 'निरोप' त्यांनी मराठीतच म्हटला.

रविवारी उपासनेआधी सेक्रेटरीकाकांना गाठून थांबवायचं असं मी ठरवलं होतं. पण शर्टाची बटणं मी एक सोडून लावली, ती बायकोनं दारात परत लावली, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा पहिलं गीत सुरू होतं. आई नसल्यामुळं पेटी आणि मंडळी एकाच वेळी गात होती. मला ते चुकीचं वाटत होतं. मग वाचन झालं, पाळकसाहेबांनी आईबद्दल चांगलं सांगितलं, आणि काका जाहिरातींचा कागद घेऊन उभे राहिले. आमच्याकडं मंडळीतल्या सूचनांना जाहिराती म्हणतात, आणि जाहिरातींच्या मध्ये कुणी बोलत नाही. कधीच नाही.

"बाईंनी अनेक वर्षं चालवलेली मूठ," काकांनी वाचायला सुरुवात केली, "कुटुंबीयांच्या संमतीनं आजपासून..."

मी उभा राहिलो. उठताना गीतांचं पुस्तक पडलं, त्यातली कार्डं बाकाखाली पसरली. सगळी मंडळी वळली. आणि तेव्हा मला कळलं, की माझ्याकडं सगळ्यात चांगलं कारण आहे आणि तेच मला सांगता येत नाही. त्या चार डब्यांच्या घरचे कुणी इथं याच बाकांवर बसलेले असू शकतात. नसूही शकतात. मी कुणाच्याही तोंडाकडं बघितलं नाही. खिडकीकडं बघितलं.

"काका, संमती मी परत घेतो."

"अरे, पण ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं. ते मी झोपेत ठरवलं होतं. लोक मूठ टाकतायत, काका. काल मी रिक्षा भरून आणली."

"ती कुठं जाणार ते तरी सांग मंडळीला."

"ज्याला लागते त्याला," मी म्हणालो. "आणि कोण फिरणार विचाराल, तर मी फिरेन. दर शनिवारी."

माझ्या शब्दाला मंडळीत किती किंमत आहे, त्याचा अंदाज सगळे घेत असावेत. मग बायकांच्या बाजूनं, दुसऱ्या बाकावरून, मावशीचा आवाज आला. ऐकूही कमी येत असल्यामुळं ती मोठ्यानंच बोलते.

"कितीला येनार ते सांग. म्हंजी मी डबा भाईर काढून ठिवीन."

"सात वाजता, मावशी."

"बाई सहाला यायची."

"सहाला," मी म्हणालो.

आधी मुलं हसली, मग बायका, मग पाळकसाहेबांनी मान खाली घातली पण खांदे हलत होते. सेक्रेटरीकाकांनी खिशातून पेन काढलं, कागदावरची ती ओळ खोडली आणि पुढची जाहिरात वाचली. ती शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेच्या, सहलीबद्दल होती. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. वाटत होतं, जणू मी एखादी मॅच जिंकून आलोय.

उपासनेनंतर लोकांनी पाठ थोपटली. एकानं मिठी मारली. चहाच्या टेबलापाशी मी तीच हकीकत चार वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी रिक्षा थोडी मोठी झाली. डब्यांबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही, याची नोंद आईनं घ्यावी.

घरी जाताना बायको स्कूटरवर मागं बसली होती. सिग्नलला मी न राहवून विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं," ती म्हणाली. "आईंनी इतकी वर्षं केलं, पण उभं राहून कधी सांगितलं नाही. तुम्ही एक शनिवार केलंत आणि जाहिराती थांबवल्यात."

"मग काय करायला हवं होतं?"

"तेच करायला हवं होतं. पण पुढच्या शनिवारी मी येणार तुमच्याबरोबर. कुठल्या घरी चहा घ्यायचा आणि कुठल्या घरी 'आत्ताच झाला' म्हणायचं, ते तुम्हाला कळत नाही."